पहिला कंद मठाचा

"पण माय, प्रसादातच कीड निघाली, तर त्याला प्रसाद म्हणायचं का?"

मुकुंदचं हे सकाळपासून विचारून झालं होतं. पुन्हा विचारलं.

यमुनामाय केळीच्या सावलीत बसून तुरीच्या वाळल्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कीड कुठे आहे? दाखव."

त्याने एक मुळी पुढे धरली. विळ्याने मधोमध उभी चिरलेली. आतून ती पांढरी असायला हवी होती. तिच्यात तांबूस-काळे पट्टे होते, जळून गेलेल्या वातीसारखे.

"ही तर सडलेली मुळी. कीड कुठाय?"

"ती डोळ्यांना दिसत नाही. सूत्रकृमी म्हणतात तिला. सुतासारखी, पण सुताहून कितीतरी बारीक. मुळीत शिरते आणि आतून खात जाते. वरून झाड हिरवंगार. मग घड भरतो, त्याचं वजन मुळांना पेलत नाही, आणि झाड मुळांसकट आडवं होतं."

"म्हणजे दिसत नाही, पण आहे."

"हो."

"आत बसून सगळा खेळ करते."

"हो... म्हणजे तसंच."

"देवाबद्दल इतक्या खात्रीनं तू कधी बोलला नाहीस रे."

मुकुंद हसला नाही. मायही हसल्या नसाव्यात. त्यांना खोकला होता, त्यामुळे नक्की सांगणं कठीण.

---

मठ तापीच्या काठावर आहे. चारही बाजूंनी केळी. मठाच्या मूळपुरुषाची समाधीसुद्धा केळीच्या बागेतच.

मृगाच्या लागवडीआधी त्यांची पुण्यतिथी येते. त्या दिवशी मठाच्या बागेतले कंद लोकांना वाटले जातात. शेतकरी मठाचा कंद आपल्या शेताच्या ईशान्य कोपऱ्यात आधी लावतो, मग बाकीची लागवड करतो. देताना मठाचा शिष्य म्हणतो, "पहिला कंद मठाचा, बाकीचा बाग तुझा."

कंद धुवायचा नाही, अशी रीत आहे. समाधीजवळची माती त्याला चिकटलेली हवी. खरा प्रसाद ती माती. वाटेत माती गळू नये म्हणून लोक कंद फडक्यात बांधून नेतात, लेकरासारखा कडेवर घेऊन.

मुकुंद नेहेते मठात येण्याआधी शेतकी कॉलेजात शिकवत असे. सूत्रकृमींवरच त्याचा प्रबंध होता. नोकरी सोडून तो मायंचा शिष्य झाला आणि बागेचं काम आपोआप त्याच्याकडे आलं. गावातली झाडं पडू लागली तसे लोक त्याला विचारायला येऊ लागले. तो तत्काळ उत्तर देई. उत्तर द्यायला त्याला कधी वेळ लागला नाही.

गेल्या महिन्यात मठाचीच झाडं पडली. तेव्हा त्याने पहिल्यांदा मुळी चिरून पाहिली.

मग तो गुपचूप गावभर फिरला. बागाबागांतून मुळ्या आणल्या, तालुक्याला जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. जिथे जिथे मठाचा कंद गेला होता, तिथे तिथे कीड गेली होती. माती जपून नेली होती. कीडही जपूनच पोचली होती.

उद्या पुण्यतिथी होती.

---

"उद्याचं वाटप बंद ठेवू," मुकुंद म्हणाला. "माय आजारी आहेत असं सांगू."

"मी आजारी आहे?"

"तुम्हाला खोकला आहेच."

"खोकल्यानं कंद वाटता येत नाहीत?"

"मग यंदा नुसती केळी वाटू. पुढच्या वर्षीपर्यंत मी माती नीट करतो. ताग घेऊ, झेंडू लावू, निंबोळी पेंड टाकू. कुणाला काही कळायचं कारण नाही."

"काय कळायचं कारण नाही?"

"की... मठामुळे."

मायंनी एक शेंग उघडली. आत दाणे नव्हते. त्यांनी ती बाजूला ठेवली.

"तुला भीती कशाची वाटते? किड्याची?"

"मठाच्या नावाची. दोनशे वर्षांचं नाव आहे, माय. लोक म्हणतील, मठानं आमच्या शेतात रोग घातला."

"घातला ना?"

मुकुंद काही बोलणार होता, तेवढ्यात बागेच्या फाटकातून पंडित फेगडे आत आला. खांद्यावर कुदळ. दर वर्षी कंद खणायला तोच पहिला येई. त्याची केळी दोन हंगाम पडत होती.

"काय माय, खोकला कसा आहे?"

"माझ्यापेक्षा तरणा आहे."

पंडितने कुदळ टेकवली आणि मुकुंदकडे वळला.

"महाराज, यंदा मला एका कंदानं भागायचं नाही. चार द्या. चारी कोपऱ्यांत लावतो. माझ्याच हातून काहीतरी चुकलं असणार, म्हणून बाग उभा राहत नाही."

मुकुंद मुळीकडे पाहत राहिला.

"तुम्ही म्हणाले होते, पाणी जास्त होऊ राहिलं," पंडित सांगत होता. "मी पाणी तोडलं. मग उभी होती तीही माना टाकून बसली. बायको म्हणे, महाराज शिकलेले आहेत, तुम्हीच काही उलटसुलट केलं असेल."

"पंडित," माय म्हणाल्या, "आज खणू नकोस."

"का बरं?"

"मुकुंद सांगेल."

दोघांनी मुकुंदकडे पाहिलं.

एक खार केळीच्या खोडावरून सरसर उतरली, थांबली, आणि पुन्हा वर गेली...

"उद्या सांगतो, पंडितआप्पा," मुकुंद म्हणाला.

पंडितने कुदळ उचलली. "बरं," म्हणाला. त्याला त्यात वावगं काही वाटलं नाही. तो गेला.

मायंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"त्याची मुळी चिरून पाहिली होतीस, पाणी तोड म्हणालास तेव्हा?"

"नाही."

"का?"

"झाड बघितलं आणि वाटलं, पाणीच असणार. आणि त्याच्याकडे तर मठाचा कंद होता. मठाच्या कंदात काही असेल, हे मनातच आलं नाही."

"हं."

"रागवा ना, माय."

"खोकला आहे. रागवायला दम पुरत नाही."

---

थोड्या वेळाने मायंनी विचारलं, "साऱ्या शिवारात एकही बाग धड नाही?"

"एक आहे. मुळ्या अगदी पांढऱ्या."

"कुणाचा?"

मुकुंदला नाव घ्यायला जड गेलं. "गिरधरआबा फिरक्यांचा."

आता मात्र माय हसल्या. त्यात शंका नाही. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि मुकुंदला पाणी आणावं लागलं.

गिरधरआबा मठावर रुसलेले होते. फार वर्षांमागे, मायंचे गुरू नरहरबुवा गादीवर असताना, आबांनी वाटपाचा कंद घेतला आणि मठाबाहेरच्या पाटात खळखळून धुतला. लोकांनी ते पाहिलं. समाधीची माती पाण्यात गेली म्हणून कल्लोळ झाला. नरहरबुवांनी आबांना चारचौघांत बोल लावला. आबांनी कंद तिथेच पाटाच्या काठावर ठेवला आणि घरी गेले. त्यानंतर त्यांनी मठाची पायरी चढली नाही, मठाचा कंद घेतला नाही, आणि मठाचा माणूस शेतात येऊ दिला नाही.

मुकुंदने मुळ्या आणल्या त्या आबा दुपारी झोपलेले असताना, बांधावरून हात घालून.

"म्हणजे साऱ्या गावात," माय डोळे पुसत म्हणाल्या, "जो आमच्यावर रुसला तो तेवढा वाचला."

"योगायोग आहे, माय."

"असेल. चल."

"कुठे?"

"भिक्षेला."

---

आबांच्या शेताच्या बांधापाशी माय थांबल्या.

त्या अनवाणीच चालत. मठाच्या बागेला सकाळीच पाणी दिलं होतं, आणि तिथला काळा चिखल त्यांच्या पावलांवर अर्धवट वाळला होता.

मुकुंदही थांबला.

"काय झालं?" मायंनी विचारलं.

"काही नाही."

"मग जाऊ आत?"

मुकुंदची नजर त्यांच्या पावलांवर होती.

मायंनी एक पाऊल उचललं आणि बांधावर टेकवायच्या आधी तसंच धरून ठेवलं. बगळ्यासारख्या उभ्या राहिल्या.

"मुकुंदा, माझं वय झालं. एका पायावर फार वेळ निभत नाही."

"माय..."

"बोल."

"या पायांची धूळ लोक कपाळाला लावतात. मीही लावतो."

"माहीत आहे. मला गुदगुल्या होतात."

"ही माती... कीड मातीतून जाते. कंदाबरोबर जाते. कुदळीबरोबर जाते. पायांबरोबरही जाते."

"कुणाच्या पायांबरोबर?"

कॉलेजात त्याने हे वाक्य फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. तिथे त्यात कुणाचे पाय नव्हते.

...

"तुमच्या," तो म्हणाला.

मायंनी पाऊल मागे घेतलं आणि रस्त्यावर टेकवलं. मग बांधाच्या अलीकडे दगडावर बसल्या, पाय पुढे केले.

"धू मग."

शेताच्या कडेला आबांच्या विहिरीचा पाईप होता. अलीकडूनच हात घालून मुकुंदने पाईपाखालचा तांब्या भरून घेतला. त्याने मायंचे पाय धुतले. बोटांच्या मधला चिखल काढला. नखांतला काढला. पाणी शेताकडे जाऊ नये म्हणून रस्त्याच्या बाजूला हाताने चर केला.

धुऊन झालं. त्याचा ओला हात आपसूक वर उठला, डोक्याकडे.

मायंनी मनगट धरलं.

"हे काय?"

मुकुंदने हाताकडे पाहिलं. त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

"सवय, माय."

"इतका शिकलास, आणि तरी?"

"सवय."

"तुझा किडाही असंच म्हणत असेल." त्यांनी मनगट सोडलं. "आता तू बस."

"मी?"

"तुझे पाय काय गंगेतून आलेत?"

"माय, असं नका करू. कुणी पाहिलं तर..."

"पाय."

त्याने पाय पुढे केले. माय ते घासून धुऊ लागल्या. तो अंग चोरून बसला होता, न्हाव्यासमोर बसलेल्या पोरासारखा.

"हलू नकोस. टाचेत बघ किती भेगा. तेल लावत नाहीस?"

"माय, पुरे."

"बोलू नकोस. मला शिकवलंस आज. गुरुदक्षिणा समज."

---

"आता माझ्या पाण्यात पायही धुवायला लागले का मठाचे लोक?"

आबा बाजेवरून उठून आले होते. वय झालेलं, पण ताठ. धोतर पांढरंफेक. त्यांची नजर मायंच्या हातांतल्या मुकुंदच्या पायांवर गेली आणि पुढचं बोलणं राहून गेलं.

"आबा," माय म्हणाल्या, "तुम्ही कंद धुतलात तेव्हा आम्ही रागावलो. आज आम्ही पाय धुतोय. तुम्ही रागवा. फिट्टंफाट होईल."

"मी काही शहाणपणानं नव्हता धुतला," आबा म्हणाले. "धोतर नवं होतं. चिखल लागला असता."

"माहीत आहे."

"लोकांनी उगाच काही म्हणू नये की गिरधरला आधीच कळलं होतं."

"काय कळलं होतं?" मुकुंद चपापून म्हणाला.

"तेच, ज्यासाठी तुम्ही माझ्या मुळ्या चोरून नेल्या. मी झोपलेला नव्हतो. डोळे मिटून पडलो होतो." आबांनी बांधावर काठी टेकवली. "काय निघालं?"

मुकुंदने मायंकडे पाहिलं. माय आपला पदर पिळत होत्या.

त्याने सांगितलं. पहिल्यांदाच सगळं सांगितलं, कीड कुठून आली आणि कशी गेली तेही. आबा ऐकत राहिले. ऐकताना त्यांचा चेहरा आनंदी होईल अशी मुकुंदची अपेक्षा होती. तसं झालं नाही.

"पंडितचा बाग त्यानंच गेला?"

"हो."

"चांगला पोरगा आहे तो," आबा म्हणाले. "मठाचा कंद छातीशी धरून न्यायचा. मी बघायचो इथून."

माय उठल्या. ओला पदर त्यांनी दोन्ही हातांनी आबांपुढे पसरला.

"कंद वाढा, आबा."

आबांना हे झेपलं नाही. ते वळले आणि आपल्या बागेकडे पाहत उभे राहिले. नंतर तिकडेच तोंड ठेवून म्हणाले, "या आत. यंदाच्या खोडव्याचे, कापल्या झाडांच्या बुडाचे, निघतील. न्या लागतील तेवढे."

कंद खणताना मुकुंदला एक गोष्ट सुचली. वाईट नव्हती. तो हळूच म्हणाला, "माय, हे कंद आपण मठाचे म्हणूनच देऊ. लोकांच्या शेतात स्वच्छ कंद जाईल आणि मठाचं नावही राहील. कुणाचं नुकसान नाही."

आबांना ऐकू गेलं. त्यांचा एक कान चांगला होता.

"म्हणजे मी आपला रुसलेलाच," ते म्हणाले.

मायंनी कंदावर विळा चालवला. मुळ्या गेल्या, माती गेली, वरची काळी साल गेली. आतलं पांढरं दिसायला लागलं. त्यांनी तो धुतला, टोपलीत ठेवला आणि दुसरा घेतला.

---

पुण्यतिथीला मठाच्या गादीवरचा माणूस मौन धरतो. शेवटचा कंद दिला जाईपर्यंत बोलायचं नाही. जे बोलायचं ते शिष्याने.

मुकुंदच्या हे आदल्या संध्याकाळी ध्यानात आलं. मायंच्या ते आधीच ध्यानात असावं, असं मला वाटतं. पण हे माझं वाटणं झालं.

सकाळी लोक आले. सभामंडपात कंद मांडलेले होते, तासलेले, धुतलेले, पांढरे.

"हे काय, बटाटे वाटायचे का यंदा?" कुणीतरी म्हणालं. थोडे हसले. मागच्या बायका पुढच्यांना विचारू लागल्या, माती कुठाय?

गिरधरआबा फाटकाबाहेर लिंबाखाली उभे होते. आत आले नव्हते.

रांगेत पहिला पंडित. फडकं पसरून तयार.

मुकुंदने कंद उचलला. लोक शांत झाले. ते वाक्य ऐकायला त्यांना आवडे.

"पहिला कंद..."

तो थांबला.

त्याने मायंकडे पाहिलं. माय गादीवर बसल्या होत्या आणि मंडपाच्या आढ्यात चिमण्यांचं चाललेलं भांडण बघत होत्या.

"पहिला कंद..."

पंडित वाट पाहत होता. फडकं दोन्ही हातांवर.

...

"हा कंद गिरधरआबांचा आहे," मुकुंद म्हणाला.

कुणाला नीट कळलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. मग बाकीचं सांगितलं. मोठे शब्द वापरले नाहीत. मठाच्या मातीत कीड आहे. कंदाला माती लावून आपण ती घरोघर पोचवली. झाडं पडतात ती तिच्यामुळे. गिरधरआबांनी आपला कंद घेतला नाही, म्हणून त्यांचा बाग उभा आहे.

"महाराज, मठाबद्दल असं बोलू नये," एक म्हातारा म्हणाला.

"बोलू नये. पण तसं आहे."

"मायंना विचारा."

सगळ्यांनी मायंकडे पाहिलं. माय चिमण्यांकडे.

"माय काल पाय धुऊन माझ्या शेतात आल्या," फाटकातून आबांचा आवाज आला. "मठाची माती बाहेर ठेवून. काय समजायचं ते समजा."

मंडपातला एक माणूस उठला, फडकं खांद्यावर टाकून निघून गेला. त्याच्या पाठोपाठ त्याची बायको. तिने जाताना समाधीकडे पाहून हात जोडले, मुकुंदकडे पाहिलं नाही.

पंडित अजून तसाच उभा होता.

"तुम्ही मला पाणी तोडायला सांगितलं," तो म्हणाला.

"हो, आप्पा."

"उभी होती ती तहानेनं गेली."

"हो."

"तेव्हा तुम्हाला कीड माहीत होती?"

"नाही."

"मग माहीत नाही म्हणायचं होतं ना."

मुकुंदने कंद दोन्ही हातांत धरला होता.

"ते मला म्हणता येत नव्हतं, आप्पा."

पंडितने मान खाली घातली. तो रडतो आहे की विचार करतो आहे, ते मागच्यांना दिसत नव्हतं. पुढच्यांनी कुणी सांगितलं नाही.

"मी बायकोला बोललो," तो म्हणाला. "ती मला बोलली. घरात दोन हंगाम हेच चाललंय, की तुझ्या हाताला यश नाही."

"मी घरी येऊन सांगतो त्यांना."

"सांगाच." पंडितने कंदाकडे पाहिलं. बोटाने चाचपला. "याला तर मातीच नाही. मठाचं असं काय नेऊ मी घरी?"

या वेळी मुकुंदने उत्तर शोधलं नाही.

"माहीत नाही, आप्पा," तो म्हणाला. "कंद नदीकडच्या तुकड्यात लावा. तिथे आधी केळी नव्हती ना? पडलेल्या बागेत यंदा केळी नको, ताग टाकू. मी येतो. मुळ्या चिरून बघू. दिसेल तेवढंच सांगेन."

"कधी येता?"

"वाटप झालं की."

पंडितने फडक्याची टोकं सारखी केली.

"आधी घरी चहा घेऊ," तो म्हणाला. "रिकाम्या पोटी तिला हे ऐकवायचं नाही." आणि फडकं पुढे केलं.

मुकुंदने कंद त्यात ठेवला.

रांग पुढे सरकली. काहींनी घेतला, काहींनी नाही. घेणाऱ्यांना मुकुंद प्रत्येक वेळी म्हणाला, "हा कंद गिरधरआबांचा." म्हणता म्हणता त्याचा आवाज बसत गेला.

शेवटी एकच कंद उरला आणि रांगेत एकच माणूस. गिरधरआबा. ते केव्हा आत आले ते कुणी पाहिलं नव्हतं. धोतर वर खोचून, दोन्ही हात पुढे करून उभे होते.

मुकुंदने कंद दिला. "हा कंद गिरधरआबांचा."

"माहीत आहे," आबा म्हणाले. "मागचा इथेच राहिला होता माझा."

त्यांनी तो नव्या धोतराच्या सोग्यात बांधला.

वाटप संपलं.

पंडित गेला नव्हता. मुकुंदसाठी थांबला होता. निघण्याआधी तो दर वर्षीप्रमाणे मायंच्या गादीपाशी आला आणि पायांची धूळ घ्यायला वाकला.

वाकता वाकता अर्ध्यावर थांबला. त्याला आठवलं. हात तसाच हवेत राहिला. घ्यावी की न घ्यावी ते त्याला कळेना. मंडपातल्या कुणालाच कळेना. सगळे मायंच्या पायांकडे बघत होते.

मायंनी तो हात धरला.

"सरळ उभा राहा, पंडित," त्या म्हणाल्या. "बागेत आडवं झालंय तेवढं पुरे."